पार्ल्याचा पाक

१९२९ साली मोहनलाल दयाळ चौहान यांनी विलेपार्ल्याच्या पूर्वेला गोळ्या-पेपरमिंटचा कारखाना काढला, तेव्हा पार्लं मुंबईत नव्हतं. उपनगर जिल्हा होऊन नऊ वर्षं झाली होती, पण महापालिकेची हद्द पार्ले-अंधेरीपर्यंत यायला १९५० साल उजाडावं लागलं, आणि बोरिवली-मुलुंडला तर १९५७. भाताची खाचरं, नारळ-आंब्याच्या वाड्या, अधूनमधून बंगले असा तो मुलूख. मात्र जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेवरची लोकल धावू लागली होती. जागा स्वस्त आणि गाडी दाराशी, असा योग उपनगरात जुळून आला होता.

चौहान मूळचे रेशमी कापडाच्या व्यापारातले. स्वदेशीचे दिवस होते, आणि गोळ्या-चॉकलेटं म्हणजे विलायतेहून डब्यांत येणारी महागडी चीज. मोहनलाल जर्मनीला जाऊन हे काम शिकून आले, यंत्रं घेऊन आले आणि डझनभर माणसांना हाताशी धरून त्यांनी काम सुरू केलं, अशी त्या कारखान्याची कथा सांगितली जाते. नाव गावावरूनच पडलं: पार्ले.

गोळी बनवणं दिसायला सोपं. साखर, पाणी, विस्तव, रंग आणि वास. पण नुसती साखर पाण्यात विरघळवून दीडशे अंशांच्या आसपास आटवली आणि निवू दिली, तर काचेसारखी पारदर्शक गोळी क्वचितच मिळते. पाक ढवळला, कढईच्या काठाला एखादा कण चिकटून राहिला, की बघता बघता सगळ्याचा रवा होतो. साखरेचे रेणू एकसारखे असतात, रांगेत बसायला टपलेले असतात. त्यांना बसू द्यायचं नसेल तर त्यांच्यातल्या काहींची मोडतोड करावी लागते.

ही मोडतोड मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गुलाबजामाच्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळतात ते चवीसाठी नाही, पाक खडी धरू नये म्हणून. आंबट कैरीच्या साखरांब्याला लिंबाची गरज पडत नाही, कारण आम्ल फोडींतूनच येतं. आम्ल आणि उष्णता मिळाली की साखरेचा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन दुभंगतो. एका बाजूला ग्लुकोज, दुसऱ्या बाजूला फ्रुक्टोज. पाठ्यपुस्तकात याला जलअपघटन म्हणतात. ही दोन पिल्लं साखरेच्या रांगेत मध्येच घुसतात आणि स्फटिक जमू देत नाहीत. जर्मनीत शिकलेल्या कारागिराच्या हातात लिंबाऐवजी टार्टारिक आम्लाचा क्षार किंवा मक्याचं लिक्विड ग्लुकोज असे, पण काम तेच.

हे काम किती वेगानं होतं, आणि तो वेग कशावर ठरतो, हा प्रश्न मात्र स्वयंपाकघरानं कधी आकड्यांत विचारला नाही. तो विचारला एका माजी औषधविक्रेत्यानं.

लुडविग विल्हेल्मी हा प्रशियाचा माणूस. पोमेरानियात त्याचं औषधांचं दुकान चांगलं चालत होतं. १८४३ साली ते विकून तो पुन्हा शिकायला गेला. १८५० मध्ये त्यानं उसाच्या साखरेवर आम्लाचा परिणाम कसा होतो यावर निबंध छापला. त्याच्यापुढची अडचण अशी होती: भांड्यात क्रिया चालू असताना तिला हात न लावता ती कुठवर आली आहे हे कळायचं कसं? उत्तर प्रकाशानं दिलं. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला तर त्याचं प्रतल उजवीकडे वळतं. साखर फुटत गेली की हे वळण कमी होतं, शून्यावर येतं आणि मग चक्क डावीकडे जातं, कारण फ्रुक्टोज डावीकडे जोरात ओढतं. आकड्यांत सांगायचं तर साखरेचं विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश, आणि पूर्ण फुटलेल्या मिश्रणाचं उणे २० अंशांच्या घरात. उजवीकडून डावीकडे उलटतं म्हणून या साखरेला ‘इन्व्हर्ट’ म्हणायची पद्धत पडली.

विल्हेल्मी नळी लावून बसला आणि घड्याळ बघत वाचनं लिहीत गेला. त्याला दिसलं की ठरावीक वेळात ठरावीक वजनाची साखर फुटत नाही, शिल्लक असलेल्या साखरेचा ठरावीक हिस्सा फुटतो. एका तासात निम्मी गेली, तर पुढच्या तासात उरलेल्याची निम्मी जाते. आम्ल वाढवलं की वेग वाढतो, ऊब वाढवली की आणखी वाढतो. रासायनिक क्रियेचा वेग गणितात बांधण्याचा हा पहिला नीट प्रयत्न. त्याच्या हयातीत त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १८६४ साली तो गेला. वीसेक वर्षांनी विल्हेल्म ओस्टवाल्डनं ते काम वर काढलं, साखर फोडण्याच्या वेगावरून निरनिराळ्या आम्लांचं बळ तोलून पाहिलं, आणि १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसनं साखरेच्या याच क्रियेवरून तापमान आणि वेग यांचं जे समीकरण मांडलं ते आजतागायत वापरात आहे. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, अऱ्हेनियसला १९०३ आणि ओस्टवाल्डला १९०९ साली. विल्हेल्मीच्या वाट्याला काही आलं नाही, पण त्याची नोंद शाबूत राहिली, आणि मला त्याच्या गोष्टीत सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

त्या कामाच्या वाटेनं पुढे निघालेले आकडे बघण्यासारखे आहेत. पीएच एका घरानं खाली आला, म्हणजे आम्लता दसपट झाली, की साखर फुटण्याचा वेगही जवळपास दसपट होतो. तापमानाचा हिशेब त्याहून तिखट. दहा अंशांनी वेग दुप्पट, हा शाळेत शिकवला जाणारा ठोकताळा इथे तोकडा पडतो. साध्या हवेच्या तापमानाला दर दहा अंशांमागे साखर फुटण्याचा वेग जवळजवळ चौपट होतो, आणि उकळीच्या जवळ अडीचपट. त्याच आम्लतेत ३० अंशांवर जे घडायला हजार तास लागतील, ते ९० अंशांवर तासाभरात उरकतं. उलट आम्ल नसलेल्या, जंतू नसलेल्या पाण्यात साखर खोलीच्या तापमानाला शेकडो वर्षं टिकू शकते. थांबलेली आणि सुटलेली, या दोन्ही टोकांमध्ये फरक फक्त थोड्या आंबटपणाचा आणि विस्तवाचा.

मुंबईत रसायनशास्त्र घेऊन पदवी करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी याच क्रियेचं भावंड प्रयोगशाळेत हाताळलेलं असतं. मिथाइल ॲसिटेटमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी पिपेटनं थोडं मिश्रण काढून बर्फाच्या थंडगार पाण्यात सोडायचं आणि लगेच सोडियम हायड्रॉक्साइडनं मोजायचं. बर्फ कशाला, तर क्रिया त्या क्षणाला गोठून राहावी म्हणून. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग टिकला की ब्युरेटचा आकडा लिहायचा. फेब्रुवारीतला आणि मे महिन्यातला आकडा जुळत नाही, कारण प्रयोगशाळेतली हवाच बदललेली असते. अऱ्हेनियस तिथे हाताला लागतो.

आता घाटावर जाऊ. कारण जी क्रिया पार्ल्याच्या कढईला हवी होती, तीच दख्खनच्या साखरेची वैरीण होती.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात गुळव्या हा मानाचा माणूस. काहिलीत रस पडला की तो चुन्याची निवळी घालतो, रानभेंडीच्या सालीचं चिकट पाणी घालतो, वर आलेली मळी झाऱ्यानं काढतो. उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो, पीएच पाच ते साडेपाच. तसाच आटवला तर साखर चुलवाणावरच फुटायला लागते. मग गूळ कडक पडत नाही, ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. चुना आंबटपणा मारतो. फार झाला तर गूळ काळवंडतो, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अल्कधर्मी रसात टिकत नाहीत. या दोन्हींच्या मधली अरुंद पट्टी गुळव्या रंगावरून, फेसावरून, बुडबुड्याच्या आकारावरून ओळखतो. उतरवायची वेळ आली की थंड पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का बघतो. ते तापमान ११६ ते ११८ अंशांच्या आसपास भरतं, पण त्याच्या हातात थर्मामीटर नसतो. काकवी करायची तर दहा-बारा अंश अलीकडेच थांबायचं, आणि ती बाटलीत खडी धरू नये म्हणून तिथे थोडं सायट्रिक आम्ल मुद्दाम घालायचं. एकाच काहिलीच्या दोन पदार्थांत एकदा आम्लाशी झुंज आणि एकदा दोस्ती.

१९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. परदेशी साखरेवर जकात बसली आणि तीसेक कारखान्यांच्या जागी चार-पाच वर्षांत देशात शंभराहून जास्त कारखाने उभे राहिले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या माळावर ऊस आधीच पिकवायला घेतला होता. तिथे १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्मचा कारखाना निघाला. पुढे याच माणसानं कुर्ल्याला मोटारी बांधल्या, ते वेगळं प्रकरण.

साखर कारखान्याची सगळी रचना बघितली तर ती एका क्रियेला रोखून धरण्यासाठीच केली आहे असं वाटतं. रस निघाला की लगेच चुना. पीएच सातच्या जरा वर आणून ठेवायचा. गाळ खाली बसवायचा, निवळ रस वेगळा घ्यायचा. मग आटवणं, आणि तेही उघड्या कढईत नाही. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजानं १८१३ च्या सुमाराला निर्वात कढई काढली, तिचं मर्म एवढंच की आतली हवा ओढून घेतली की पाक ६५-७० अंशांवरच उकळतो. १०५ अंशांऐवजी ६५ अंशांवर उकळला तर साखर फुटण्याचा वेग पन्नासपटीहून अधिक कमी होतो. कारखान्यात त्या कढईपाशी उभा राहतो तो पॅनमन. काचेच्या झरोक्यातून आत बघत, नळीतून नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरत, दिव्यासमोर धरून तो दाणा ओळखतो. हंगामात तीन पाळ्यांत हे काम अखंड चालतं. जी साखर त्याच्या हातून आणि आधीच्या टप्प्यांतून निसटते ती फुटून मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये, जाते. मळी गोड असते, पण तिच्यातून स्फटिक पुन्हा मिळत नाही.

आणि याच रावळगावात १९४२ साली गोळ्यांचं काम सुरू झालं. पुढे ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ घराघरांत गेल्या. एकाच नावाखाली एका विभागात साखर फुटू नये म्हणून चुना, निर्वात कढई आणि डोळ्यांत तेल घातलेला पॅनमन, आणि दुसऱ्या विभागात तीच साखर फुटलेली हवी. महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात यासारखी जोडी मला दुसरी दिसत नाही.

गोळीच्या कढईत मात्र मर्यादा सांभाळावी लागते. आम्ल जास्त झालं किंवा पाक जास्त वेळ आचेवर राहिला, तर गरजेपेक्षा जास्त साखर फुटते. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. पार्ल्यासारख्या समुद्रालगतच्या गावी जुलै महिन्यात अशी गोळी कागदाला चिकटून बसते. रवाळ गोळी नको आणि चिकट गोळीही नको, म्हणून पाकात किती घालायचं आणि कितव्या मिनिटाला उतरवायचं हे पाळीच्या माणसाला नेमकं माहीत असावं लागतं.

बिस्किटाच्या बाबतीत हिशेब पुन्हा बदलला. पार्ल्याच्या कारखान्यात बिस्किटं सुरू झाली ती तिशीचं दशक संपता संपता. ग्लुको बिस्कीट पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘पार्ले-जी’ झालं. पुड्यावरची घटकांची यादी वाचा. गव्हाचं पीठ, साखर, तेल, आणि लगेच पुढे इन्व्हर्ट सिरप. साखर आहे तर तीच साखर पुन्हा फोडून का घालायची? कारण साधी साखर भट्टीत पिठातल्या प्रथिनांशी सहज जुळत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जुळतात. त्यांच्या मिलाफातून बिस्किटाचा तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. पार्ले स्टेशनात डोकं बाहेर न काढताही गाडीतल्या माणसाला स्टेशन कुठलं हे कळायचं, ते या वासामुळे.

बिस्किटाच्या धंद्यात हे सिरप करायची रीत सगळीकडे साधारण सारखीच आहे. टाकीत साखर आणि पाणी तापवायचं, सत्तर ते नव्वद अंशांच्या मध्ये आणायचं, सायट्रिक किंवा खाद्य प्रतीचं हायड्रोक्लोरिक आम्ल मोजून घालायचं. सायट्रिक दुबळं, त्याला वेळ लागतो. हायड्रोक्लोरिक झटपट काम करतं, म्हणून त्याच्यावर नजरही जास्त ठेवावी लागते. तापमान चढलं किंवा वेळ चुकला तर फ्रुक्टोजचीच पुढे मोडतोड होते, सिरप तपकिरी पडतं, कडवट लागतं. मधून नमुना काढून फेलिंगच्या द्रावणानं बघायचं, विटकरी साका किती बसतो. हवी तेवढी साखर फुटली की खायचा सोडा घालायचा. टाकीवर फेस उसळतो आणि क्रिया जागच्या जागी थांबते. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं असेल तर सोड्याशी मिळून त्याचं साधं मीठ होतं, आणि मीठ तर बिस्किटाला हवंच असतं. मला या रीतीचं फार कौतुक वाटतं. जे आत घातलं त्याचा निरुपयोगी गाळ काहीच उरत नाही. वर वजनही वाढतं: शंभर किलो साखर पूर्ण फुटली तर पाणी सामावून घेऊन एकशे पाच किलो आणि थोडी वर भरते.

१९५० च्या अखेरीस अहमदनगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि साखरेचा मालक शेतकरी झाला. तेव्हापासून साखर फुटण्याचा प्रश्न थेट त्याच्या घरात आला. ऊस तोडला की त्याच्या आतलाच एक विकर साखर फोडायला लागतो, कापलेल्या टोकांतून जंतू शिरतात, ते आम्ल तयार करतात, आणि आम्ल पुन्हा तेच काम पुढे नेतं. जानेवारीच्या थंडीत फडात पडलेला ऊस एखादा दिवस दम धरतो, एप्रिलच्या उन्हात नाही. उसाचा रास्त आणि किफायतशीर भाव आता १०.२५ टक्के उताऱ्यावर, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर, बेतलेला आहे. त्याहून वर गेलेल्या प्रत्येक दशांशाला पैसे आहेत. म्हणजे तोडणीची टोळी वेळेवर आली नाही, गाडी वजनकाट्याच्या रांगेत दोन दिवस उभी राहिली, तर त्या काळात जी साखर फुटते तिची किंमत शेतकरी भरतो, आणि ती कुठल्याच पावतीवर दिसत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, हा आग्रह मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांत शिकवला जातो तो याचसाठी. माझ्या मते हा आग्रह रसायनशास्त्राइतकाच न्यायाचा आहे.

पार्ल्याची जुनी भट्टी २०१६ साली विझली. बिस्किटं दुसरीकडे बनतात, पण पार्ले स्टेशनातला तो वास गेला. रावळगावच्या गोळ्यांची नावं २०२४ च्या फेब्रुवारीत २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीनं घेतली. अंधेरी, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, सगळीकडे औषधांचे, रंगांचे, खाद्यपदार्थांचे कारखाने एकेक करून उठले आणि त्या जागी मनोरे आले. जागेचा भाव बघता ते अटळ होतं असं म्हणता येईल. पण यंत्रांबरोबर पाळीची रजिस्टरं आणि बॅचची कार्डंही भंगारात निघतात, याचं मला वाईट वाटतं. विल्हेल्मीचं पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं वाचन आज मिळतं. सिरपच्या टाकीपाशी तीस वर्षं उभ्या राहिलेल्या, चिपळूणहून किंवा साताऱ्याहून आलेल्या माणसाला त्याच क्रियेबद्दल जे कळलं होतं, ते मात्र कुठे लिहिलेलं सापडत नाही.

तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत अशा कारखान्यात पाळ्या केलेलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. आम्ल कधी घालायचे, किती अंशांवर थांबायचे, बिघडलेला पाक कसा ओळखायचे, पावसाळ्यात काय बदलायचे, हे विचारा. आणि ते सांगतील ते कारखान्याच्या नावासह, तारीख घालून, मराठीत लिहून ठेवा.